पाढ्यांबाहेर राहिलेल्या संख्या

पाचवीच्या गणितात मूळ संख्येची व्याख्या एका ओळीत येते. ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः असे दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या, आणि ज्या संख्येला दोनपेक्षा अधिक विभाजक असतात ती संयुक्त संख्या. व्याख्या अचूक आहे, तिच्यातला एकही शब्द बदलण्याजोगा नाही, आणि तरीही ती पहिल्या दिवशी मुलांच्या हाती देऊ नये असे माझे ठाम मत आहे. दहा वर्षांच्या मुलाला विभाजक शोधता येत असले, तरी ते कशासाठी मोजायचे हे त्याला अजून कोणी सांगितलेले नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही व्याख्या जन्माला आली तो प्रश्नच त्याला पडलेला नसतो, त्यामुळे तो ती ओळ पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरतो.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुंबईतल्या अनेक मुलांना एक दहा अंकी क्रमांक तोंडपाठ असतो: ४४२२३२२३२१. मोबाइल क्रमांक म्हणावा तशा लयीत ती तो म्हणून दाखवतात. १ ते १० मध्ये चार मूळ संख्या, ११ ते २० मध्ये चार, २१ ते ३० मध्ये दोन, आणि असे करत ९१ ते १०० मध्ये फक्त एक, एकूण पंचवीस. परीक्षेत या क्रमांकामुळे वेळ वाचतो आणि त्या वयाच्या मुलांवर वेळेचे किती दडपण असते हे मी जवळून पाहते, त्यामुळे तो शिकवणाऱ्यांना मी दोष देत नाही. मात्र हा क्रमांक क्षणात सांगणाऱ्या मुलाला ९१ ही मूळ संख्या आहे का असे विचारले, तर बहुतेक वेळा तो बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो. शेवटच्या दहांत एकच मूळ संख्या का उरते, या प्रश्नापर्यंत तर तो पोहोचतच नाही, आणि मला मुलांना न्यायचे असते ते नेमके तिथे.

परळला आमच्या इमारतीतली चौथी ते सातवीची काही मुले संध्याकाळी माझ्याकडे गणित घेऊन येतात. वर्षभराच्या चिंचेतून निघालेले चिंचोके मी एका डब्यात साठवून ठेवते आणि या धड्याची सुरुवात त्या डब्यापासून करते. मूळ आणि संयुक्त हे शब्द त्या दिवशी मी उच्चारत नाही. प्रत्येकाला बारा चिंचोके द्यायचे आणि एवढेच सांगायचे, की ते समान ओळींत असे मांडा, की एकही चिंचोका बाहेर राहणार नाही आणि कुठे खाच पडणार नाही. लादीवर थोड्याच वेळात आयत दिसू लागतात. बाराची एक लांब ओळ, सहा-सहाच्या दोन ओळी, चार-चारच्या तीन. कोणीतरी तीन-तीनच्या चार ओळी करतो आणि तो वेगळा आयत आहे की तोच आडवा केलेला आहे यावर वाद होतो. तो वाद मी मिटवत नाही, कारण ३ × ४ आणि ४ × ३ सारखेच का, हे मुलांना त्या भांडणातूनच कळते.

मग तेरा चिंचोके देते. दोन ओळी करून पाहिल्या, एक उरला. तीन ओळी केल्या, पुन्हा एक उरला. चार केल्या, सहा केल्या, तरी एक उरलाच. मुले वैतागतात आणि ‘काकू, तुम्ही एक जास्त दिलात’ असे म्हणतात. ही तक्रार मला फार मोलाची वाटते. बाराला ज्या ज्या संख्यांनी भाग जातो त्या प्रत्येकीने तेराला भागले की बाकी एकच उरणार, हे त्या मुलाने अजून शब्दांत मांडलेले नसते, पण त्याच्या बोटांना ते कळलेले असते. हा उरलेला एक पुढे फार मोठ्या ठिकाणी उपयोगाला येतो, म्हणून मी त्याची नोंद वहीत करून ठेवायला लावते.

दोन ते तीसपर्यंतच्या सगळ्या संख्या अशा मांडून झाल्या, की दोन याद्या आपोआप तयार होतात: ज्यांचे लांब ओळीखेरीज आणखी आयत होतात त्या, आणि ज्यांची फक्त एकच लांब ओळ होते त्या. नावे द्यायची वेळ ही. आपण स्वतः वेगळ्या काढलेल्या गोष्टीला नाव मिळाले, की मुले ते विसरत नाहीत असा माझा अनुभव आहे. सोळाचा चौरस होतो आणि पंचविसाचाही होतो, हे मुलांनी स्वतःहून दाखवले तर मी थोडी थांबते, पण तो विषय त्या दिवशी वाढवत नाही.

बाराला इतके आयत मिळतात याचा व्यवहारात किती उपयोग आहे, हे मुंबईतल्या मुलाला केळीवाल्यापाशी दिसते. केळी डझनाने मिळतात, हापूसचा भावही डझनावर सांगितला जातो. बाराचा अर्धा भाग होतो, तिसरा होतो, चौथा होतो आणि सहावाही होतो; दहाचे मात्र अर्धे आणि पाचवा एवढेच पुरते भाग पडतात. तासाची साठ मिनिटे आणि वर्तुळाचे ३६० अंश यांतही हीच सोय आहे. संयुक्त संख्यांचे हे औदार्य मुलांना आधी दिसावे असे मला वाटते. शाळेत मूळ संख्यांचे कौतुक होते आणि संयुक्त संख्या म्हणजे ‘उरलेल्या’ अशी समजूत होते. शिकण्याचा क्रम मात्र उलटा हवा. जिचे भाग पडतात ती संख्या आधी हाताळल्याशिवाय, जिचे पडत नाहीत ती विशेष का, हे कळायचे नाही.

चिंचोक्यांनंतर पाढे. आपल्याकडे मुलांना पाढे येतात, निदान बारापर्यंत तरी येतात, आणि मूळ संख्या शिकवायला याहून चांगले साधन मला माहीत नाही. प्रत्येक संख्या स्वतःच्या पाढ्यात पहिलीच येते आणि एकच्या पाढ्यात तर सगळ्याच येतात. हे दोन पाढे सोडून आणखी एखाद्या पाढ्यात जी सापडते ती संयुक्त, आणि जी कोणाच्याच पाढ्यात सापडत नाही ती मूळ. मुले मग पाढे म्हणत म्हणत शोधायला लागतात. चोवीस दोनच्या, तीनच्या, चारच्या, सहाच्या, आठच्या आणि बाराच्या पाढ्यात भेटते. तेवीस कुठेच भेटत नाही. वर्षानुवर्षे एका सुरात म्हटलेल्या उजळणीत काही संख्या एकदाही आल्या नव्हत्या, हे लक्षात आल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो अचंबा दिसतो, त्यासाठी मी हा धडा पुन्हा पुन्हा घेते.

येथे एक गैरसमज हमखास डोके वर काढतो, तो म्हणजे विषम संख्या आणि मूळ संख्या एकच. सुरुवातीला ३, ५, ७ अशा ओळीने मूळ संख्या येतात, म्हणून हा समज होतो. मुंबईच्या मुलांसाठी त्यावरचा उपाय फलाटावरच्या घोषणेत आहे. लोकलला पूर्वी नऊ डबे असत, मग बारा डब्यांच्या आणि पुढे पंधरा डब्यांच्या गाड्या आल्या. नऊ, बारा, पंधरा: तिन्ही तीनच्या पाढ्यातल्या, आणि त्यांपैकी दोन विषम. नऊ आणि पंधरा विषम असूनही संयुक्त आहेत हे एकदा डब्यांवर मोजून पाहिले, की तो समज ढिला होतो, आणि २१, २७, ३३ पाहिल्यावर पुरता जातो.

दोन या संख्येची अडचण याच्या उलट दिशेची आहे. ‘दोन ही एकमेव सम मूळ संख्या’ हे वाक्य अपवाद सांगावा अशा थाटात शिकवले जाते, आणि मुलांना वाटते की दोनला कसलीतरी सवलत मिळालेली आहे. सवलत काहीच नाही. दोनच्या पाढ्यात मूळ संख्या एकच आहे, ती म्हणजे दोन. तीनच्या पाढ्यातही मूळ संख्या एकच आहे, ती म्हणजे तीन; पाचच्या पाढ्यात पाच आणि सातच्या पाढ्यात सात. फरक इतकाच, की दोनच्या पाढ्यातल्या संख्यांना आपण ‘सम’ असे वेगळे नाव ठेवले आणि तीनच्या पाढ्यातल्यांना ठेवले नाही. हे मुलांना सांगितले की त्यांना ते लगेच पटते, आणि अपवादांचे ओझे एकाने कमी होते.

यानंतर इराटोस्थेनिसची चाळणी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या आणि पृथ्वीचा परीघ मोजणाऱ्या या ग्रीक विद्वानाच्या नावाने ओळखली जाणारी रीत इतकी साधी आहे, की चौथीतले मूलही ती करू शकते. चौकटींच्या वहीत १ ते १०० लिहायचे, १ बाजूला ठेवायचा, २ ला गोल करून त्याच्या पाढ्यातल्या पुढच्या सगळ्या संख्या खोडायच्या, मग ३ ला गोल करून तसेच, मग ५, मग ७. उरलेल्या सगळ्या संख्या मूळ. पुस्तकात ही कृती असते, मुले ती करतातही, पण माझ्या मते तिच्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही: सातनंतर थांबायचे का? अकराच्या पाढ्यातल्या संख्या खोडायला नकोत का?

मी मुलांना आधी अकराने खोडून पाहायला सांगते. बावीस आधीच खोडलेली, तेहेतीस खोडलेली, चव्वेचाळीस, पंचावन्न, सहासष्ट, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, नव्याण्णव, सगळ्या खोडलेल्याच. नवे काहीच सापडत नाही. का सापडत नाही याचे उत्तर पुन्हा चिंचोक्यांच्या आयतात आहे. शंभर किंवा त्याहून कमी चिंचोक्यांचा आयत मांडला, तर त्याच्या दोन्ही बाजू दहापेक्षा मोठ्या असूच शकत नाहीत, कारण अकरा-अकराच्या अकरा ओळी केल्या तरी एकशे एकवीस लागतात. म्हणजे आखूड बाजू दहा किंवा त्याच्या आत, आणि २ ते १० मधल्या प्रत्येक संख्येचा पाढा २, ३, ५, ७ यांच्यापैकी कोणाच्या तरी पाढ्यात सामावलेला असतो. हे मुलाला स्वतः सुचायला कधी कधी दोन-तीन बैठका जातात. तेवढा वेळ मी देते आणि मधल्या काळात उत्तर सांगायचा मोह टाळते, कारण ‘असेच का’ याचे कारण स्वतः शोधून काढण्याची त्या मुलाच्या आयुष्यातली ती कदाचित पहिली वेळ असते.

प्रत्येक पाढ्याने नव्याने किती संख्या खोडल्या हे मोजायला सांगितले, की चाळणीचे पोट दिसते. दोनने ४९ संख्या खोडल्या जातात. तीनने नव्याने १६. पाचने सहाच: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५. आणि सातने केवळ तीन: ४९, ७७ आणि ९१. बेरीज ७४ होते. शंभरातून त्या वजा केल्या आणि एक हा बाजूला ठेवलेला अंक वजा केला, की २५ उरतात. ९१ वर मुले का फसतात याचे कारणही इथेच आहे. ती सम नाही, तिच्या अंकांची बेरीज १० म्हणजे तीनच्या पाढ्यात नाही, शेवटी ० किंवा ५ नाही. तिला धरू शकतो तो फक्त सात. तेरा सत्ते एक्क्याण्णव. ९३ आणि ९९ तीनने गेल्या, ९५ पाचने गेली, आणि शेवटच्या दहांत ९७ एकटी राहिली. तो दहा अंकी क्रमांक पाठ असलेल्या मुलाला त्याच्या शेवटच्या १ चे कारण असे हाती लागते.

चाळणीचा हा विषय पुढे किती खोल जातो याचे एक उदाहरण आपल्या शहरातलेच आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या डॉ. मंगला नारळीकर यांनी १९८१ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली ती संख्यांच्या सिद्धांतात, आणि चाळून उरणाऱ्या पूर्णांकांवर त्यांनी संशोधन केले. पुढे त्यांनी बालभारतीच्या गणित समितीचे अध्यक्षपद सांभाळले आणि लहान मुलांना गणित सोपे करून सांगण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला. संशोधनातली चाळणी आणि पाचवीच्या वहीतली चाळणी या दोन्ही एकाच व्यक्तीला सारख्याच आस्थेने हाताळाव्याशा वाटल्या, याचा मला फार आदर आहे.

तक्ता दहा-दहाच्या ओळींऐवजी सहा-सहाच्या ओळींत लिहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. दोनच्या आणि तीनच्या पाढ्यातल्या संख्या सरळ उभ्या रांगांनी खोडल्या जातात आणि २ व ३ सोडल्यास सगळ्या मूळ संख्या पहिल्या आणि पाचव्या रांगेतच सापडतात. त्या रांगांतल्या सगळ्याच मूळ नसतात, २५ आणि ४९ तिथेच आहेत, हे मात्र आवर्जून दाखवावे लागते. जोडमूळ संख्या, म्हणजे ११ आणि १३ किंवा ५९ आणि ६१ यांसारख्या दोनच्या अंतराने येणाऱ्या मूळ संख्या, या तक्त्यात सहाच्या पाढ्यातल्या संख्येच्या दोन बाजूंना उभ्या दिसतात. ३ आणि ५ ही एकच जोडी त्याला अपवाद आहे. शंभरपर्यंत अशा आठ जोड्या आहेत आणि मुले त्या पाठ न करता शोधू शकतात.

आता एक. ‘१ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही’ हे वाक्य प्रत्येक मूल पाठ म्हणते, आणि का, असे विचारले की ‘नियम आहे’ म्हणते. व्याख्येच्या अक्षरावर बोट ठेवून एकला एकच विभाजक आहे असे सांगता येते, पण चौकस मुलाला ते पुरत नाही. व्याख्याच तशी का केली, हे त्याला हवे असते. ते कारण सांगण्यासाठी मी मुलांना ६० ही संख्या फोडायला देते. एक जण ६ × १० ने सुरुवात करतो, दुसरी ४ × १५ ने, तिसरा ५ × १२ ने. प्रत्येकाने फोडता येईल तितके फोडत जायचे. शेवटी तिघांच्याही वहीत २ × २ × ३ × ५ हेच येते. वाटा वेगळ्या असूनही मुक्काम एकच, आणि तो कोणत्याही संख्येच्या बाबतीत एकच असतो, हा अंकगणितातला पायाभूत सिद्धांत आहे. लसावि आणि मसावि काढण्याची मूळ अवयवांची रीत त्याच्यावरच उभी आहे. आता एकला मूळ संख्यांत घेतले तर काय होईल? ६० चे अवयव १ × २ × २ × ३ × ५ असेही लिहिता येतील, १ × १ × २ × २ × ३ × ५ असेही, आणि उत्तर एक राहणार नाही. तो सुंदर सिद्धांत विनाकारण लंगडा होऊ नये म्हणून एकला बाहेर ठेवले आहे. हा निर्णय माणसांनी विचारपूर्वक घेतलेला आहे, आणि तो घ्यायला बराच काळ लागला. १७४२ साली गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या थोर गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात १ ला मूळ धरले होते, आणि १९१४ साली लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने छापलेल्या एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्यांच्या यादीचा आरंभही १ पासून होता. इतक्या मोठ्या माणसांना जो प्रश्न पडला तो आपल्यालाही पडला, याचा मुलांना आनंद होतो.

मूळ संख्या कधी तरी संपतात का, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. शंभरपर्यंत त्या विरळ होत जाताना दिसतात, त्यामुळे कुठेतरी शेवटची असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. युक्लिडने इ.स.पू. ३००च्या सुमारास दिलेले उत्तर सांगण्यासाठी वहीत नोंदवलेला तो उरलेला चिंचोका आता बाहेर काढायचा. समजा, कोणी म्हणाले की २, ३ आणि ५ एवढ्याच मूळ संख्या आहेत. त्यांचा गुणाकार ३०, त्यात एक मिळवला की ३१. आता दोनच्या ओळी करा, एक उरतो. तीनच्या करा, एक उरतो. पाचच्या करा, एक उरतो. म्हणजे ३१ ला भाग जाईल अशी मूळ संख्या या यादीत नाही, ती यादीबाहेर कुठेतरी असलीच पाहिजे. यादी कितीही लांब केली तरी हीच युक्ती चालते. मात्र अशी मिळालेली संख्या स्वतः मूळच असते असे समजू नये. २ पासून १३ पर्यंतच्या मूळ संख्यांचा गुणाकार ३०,०३० आहे, आणि ३०,०३१ म्हणजे ५९ × ५०९. हे दोघेही यादीबाहेरचे आहेत आणि युक्लिडला एवढेच हवे होते. सातवीतल्या मुलांना ही सिद्धता पूर्ण कळते, मी पाहिलेले आहे. बावीसशे वर्षांहून जुना विचार जसाच्या तसा त्यांच्या हाती येतो, आणि शाळेच्या गणितात असे क्षण फार थोडे असतात.

विरळ होण्याबद्दलचा समजही थोडा तपासून घ्यावा लागतो. ज्या मुलांना चाळणी आवडते त्यांना मी १०१ ते २०० करायला सांगते. त्यासाठी ११ आणि १३ हे पाढेही लागतात; अकराने नव्याने १२१, १४३ आणि १८७ खोडल्या जातात आणि तेराने फक्त १६९. एकूण २१ मूळ संख्या मिळतात, पण त्या क्रमाने कमी होत नाहीत. १०१ ते ११० मध्ये चार आहेत, पुढच्या दहांत एकच आहे, आणि १९१ ते २०० मध्ये पुन्हा चार आहेत. त्याच्या लगेच पुढे, २०१ ते २१० मध्ये, एकही नाही. मोठी पोकळी हवी असेल तर ती मुद्दाम घडवताही येते: १ × २ × ३ × ४ × ५ म्हणजे १२०, मग १२२ ला दोनने, १२३ ला तीनने, १२४ ला चारने आणि १२५ ला पाचने भाग जाणारच. गुणाकार वाढवत नेला की हवी तेवढी लांब पोकळी मिळते.

महाराष्ट्रातल्या मुलांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची ओळख या धड्यात करून द्यावी असे मला मनापासून वाटते. १९०५ साली डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून नोकरी केलेले कापरेकर आयुष्यभर संख्यांशी खेळत राहिले. १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिले ते तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या एका स्थानकावरून, कारण ती कल्पना त्यांना तिथे सुचली. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. १२१ हा ११ चा वर्ग आणि १२३२१ हा १११ चा. या एकएकांच्या संख्याच मी मुलांना फोडायला देते. ११ मूळ आहे. १११ च्या अंकांची बेरीज तीन, म्हणून ती ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. थोड्या प्रयत्नाने मुलांच्या लक्षात येते, की जितके एक मांडले ती संख्या संयुक्त असेल तर मांडलेली संख्याही संयुक्तच निघते, कारण सहा एकांचे तीन-तीनचे दोन गट पाडता येतात आणि १११ × १००१ असा गुणाकार मिळतो. पण मूळ संख्येइतके एक मांडले म्हणून मूळ संख्या मिळेलच असे नाही: १११११ म्हणजे ४१ × २७१. अकरानंतरची अशी पुढची मूळ संख्या थेट एकोणीस एकांची आहे.

उपयोगाचा प्रश्न पालक अधिक विचारतात. उत्तर थोडक्यात देता येते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आहे, पण गुणाकार पाहून त्या दोन संख्या ओळखणे अत्यंत अवघड आहे, आणि या फरकावर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली गुप्तलेखनाची एक पद्धत उभारली, जी इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांत आजही वापरात आहे. हा फरक मुलांना पटवण्यासाठी मी त्यांना १९०३ सालची एक घटना सांगते. दोनचा सदुसष्टावा घात वजा एक ही संख्या संयुक्त आहे हे ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्येच दाखवले होते, पण तिचे अवयव कोणालाही सापडले नव्हते. फ्रँक कोल यांनी अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत फळ्यावर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या लिहिली आणि तिच्या शेजारी १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार करून दाखवला. शोधायला वर्षे लागलेली गोष्ट पडताळायला काही मिनिटे पुरली. एखादी संख्या मूळ आहे की नाही एवढेच ठरवायचे असेल, तर ते मात्र झटपट ठरवता येते. त्याची कोणत्याही संख्येला लागू पडणारी खात्रीची रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली, आणि त्यांतले दोघे तेव्हा नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत, हा आकडा मुले एकमेकांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात.

धड्याच्या अखेरीस मी गोल्डबाखचे अनुमान देते. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते, असे दिसते. संगणकांनी ४ वर अठरा शून्ये इतक्या मोठ्या संख्येपर्यंत ते तपासले आहे, पण ते नेहमीच खरे असल्याची सिद्धता अद्याप कोणापाशी नाही. मी मुलांना ९८ देते, कारण या संख्येत सगळे खड्डे एकत्र आहेत. ७ + ९१, ११ + ८७, ४१ + ५७, ४७ + ५१ अशा जोड्या भराभर वहीत येतात आणि त्या चारही चुकीच्या आहेत. अंकांची बेरीज करून ८७, ५७ आणि ५१ बाद होतात, तेरा सत्ते म्हणून ९१ जाते, आणि १९ + ७९, ३१ + ६७, ३७ + ६१ या तीनच उरतात.

त्यानंतर ९६ घेतली की सात जोड्या मिळतात. ९८ हून लहान असलेल्या संख्येला दुपटीहून अधिक जोड्या का, हे सहावीतल्या एका मुलीने शोधून काढले. तीनच्या पाढ्यातल्या संख्येतून तीनच्या पाढ्यात नसलेली संख्या वजा केली, तर उत्तरही तीनच्या पाढ्यात येत नाही. म्हणून ९६ मधून कोणतीही मूळ संख्या वजा करा, तीन सोडून, तिला तीन कधीच खोडू शकत नाही. ९८ मधून वजा करताना मात्र ११, १७, २३, ४१, ४७ अशा प्रत्येक वेळी तीनचा पाढा आडवा येतो. हे कारण सांगून झाल्यावर तिने विचारले, की मग तीन आणि पाच या दोघांच्याही पाढ्यातली संख्या घेतली तर जोड्या आणखी वाढतील का, आणि माझे उत्तर येण्याआधीच ती ९० घेऊन बसली. ७ + ८३ पासून ४३ + ४७ पर्यंत तिला नऊ जोड्या मिळाल्या.